हापशीभोवती, पाय न टेकता

मधुकरभाऊ,

आज सकाळी नऊच्या सुमारास मी सवयीनं गाडी काढली आणि तुमच्या दुकानापुढे आणून उभी केली. रविवार होता. शटरला कुलूप दिसलं तेव्हा कुठे भानावर आलो. तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले आहेत.

आवारातली कोरडी हापशी आहे तशीच आहे. तिच्याभोवती गाड्यांच्या चाकांनी पाडलेला गोल चरही आहे. गेल्या आठ वर्षांत त्या चरात ज्या गाड्या फिरल्या, त्यांतल्या बहुतेक माझ्या हातून फिरल्या. दर्यापुरात सगळ्यांना वाटतं, हा जनावरांचा डॉक्टर मधुकर मिस्तरीच्या प्रेमापोटी दर रविवारी येऊन फुकट राबतो. तुम्हालाही तसंच वाटायचं. खरी गोष्ट दुसरी होती. ती तुम्ही असताना सांगितली नाही. तुमच्या मागे झालेल्या जलदान विधीच्या दिवशी चारचौघांत सांगितली, पण ज्याला सांगायची तो माणूस फोटोत होता. म्हणून आता लिहितोय.

तुमचा हात त्या दिवशी चुकला नव्हता, भाऊ. केबल मी ओढली होती.

सगळं सुरुवातीपासून सांगतो. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून दर्यापुरात बदलून आलो तेव्हा माझ्याकडे जुनी कार्बोरेटरची मोटरसायकल होती. डांबरी रस्त्यावर ती छान पळायची. पण माझं काम खेड्यांत, गोठ्यांत, पांदणीत. काळ्या मातीच्या चिखलात माणसाच्या चालीनं गाडी काढावी लागते, आणि नेमकी तिथेच ती दगा द्यायची. कोणीतरी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही स्टुलावर बसून कोणाचा तरी प्लग घासत होता. मान वर न करता विचारलंत, "काय होते?"

"जोरात मस्त चालते. हळू केली की मरते. मूठ पिळली की आधी काहीच नाही, अन् मग एकदम उडी मारते."

"जोरात त कोणतीबी चालते. हळू चालवून दाखव."

हा तुमचा रिवाज मला तेव्हा माहीत नव्हता. गाडीचा मालक हापशीभोवती एक फेरी मारून दाखवत नाही, तोवर तुम्ही पान्याला हात लावत नव्हतात. पहिल्या गिअरमध्ये, चालीच्या वेगानं, पाय न टेकता. माझा पाय तीनदा टेकला. शेजारचा वेल्डर रफिकभाई काम सोडून हसत उभा राहिला. "डॉक्टरसाब, गाडी चलाके देख रहे के सर्कस?"

"हसू नोको रे," तुम्ही म्हणालात. "बिमार कोण हाये थे पायतो मी. गाडी हाये का माणूस." मग माझ्याकडे वळून, "दोघंबी हायेत."

कार्बोरेटर उघडून तुम्ही एक इवलासा पितळी जेट काढलात आणि उजेडाकडे धरून माझ्या डोळ्याशी नेलात. "उजेड दिसते?" मला दिसला नाही. "हळू चालताना गाडी एवढ्याशा भोकातून पिते. मोठं भोक जोरात जाताना कामी येते. तुही गाडी उपाशी हाये लेका, अन् तू तिले मूठ पिळून मारून राहिला." जेट साफ करून बसवलात. मग मला पुन्हा गाडीवर बसवलंत आणि माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिलात. "गाय तपासताना हात कसा घालतं? झटका देतं काय तिले?"

"नाही."

"मंग हिले काहून देतं?"

माझ्या धंद्यातलं माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळलं असं त्या दिवशी वाटलं. नंतर हे तुम्ही शंभरदा म्हणालात, आणि शंभरदा ते मला नवीन वाटलं.

पुढची दोन वर्षं मी नुसतं गिऱ्हाईक होतो. त्यानंतरच्या श्रावणात गाडीनं जुनंच दुखणं पुन्हा काढलं. एका पांदणीत मूठ दिली, गाडी आधी गप्प बसली, मग उसळली, आणि मी लशीच्या बर्फाच्या डब्यासकट चिखलात. रविवारी सकाळी चिखलानं भरलेली गाडी घेऊन तुमच्याकडे आलो. त्या दिवशी तुम्ही दोन तास घेतलेत. जेट साफ होता. शेवटी कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधलं रबर तुम्ही दोन बोटांनी वाकवलंत, तेव्हा त्यात केसासारखी बारीक चीर दिसली. "हे पाय. इथून फुकटची हवा खाऊन राहिली. गार असताना तोंड मिटते, तापली की उघडते." नवीन रबर बसलं आणि गाडी अशी शांत झाली की मला शेजारच्या वेल्डिंगचा आवाज ऐकू आला.

मग आपला वाद झाला. तो वाद अजून मिटलेला नाही.

तुम्ही एक्सिलेटरच्या केबलीत थोडी मोकळ ठेवली. मूठ फिरवली की पहिले दोनएक मिलिमीटर काहीच होत नाही, मग केबल ओढते, तशी. मला ती मोकळ खुपत होती. मी म्हटलं, "मूठ दिली की लगेच गेली पाहिजे. हे ढिलं वाटतं."

"ढिलं नाई, मोकळं हाये. हँडल वळवलं की केबल ओढल्या जाते. मोकळ नसन त गाडी आपल्या मनानं रेस होते. पाय." गाडी चालू ठेवून तुम्ही हँडल पूर्ण डावीकडे नेलंत, पूर्ण उजवीकडे नेलंत. आवाज जराही बदलला नाही. कोणतंही काम झाल्यावर तुम्ही हे करायचात, एकदाही न चुकता. "हे पायल्याबिगर गाडीवर बसाचं नाई, आपल्याबी अन् लोकायच्याबी."

म्हणजे तुम्ही मला सगळं सांगितलं होतं, करून दाखवलं होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मागच्या घरातून वहिनींनी चहाला हाक मारली. तुम्ही साबणानं हात धुवायला मागे गेलात. मी गाडीपाशी एकटा होतो. मुठीजवळच्या ॲडजस्टरवर माझी बोटं गेली आणि मी तो फिरवला, सगळी मोकळ संपेपर्यंत. तुम्हाला दाखवून द्यावं असं काही मनात नव्हतं, भाऊ. नुसतं वाटलं, माझी गाडी आहे, माझा हात आहे. चिखलात मी पडतो, तुम्ही नाही.

तुम्ही टॉवेलनं हात पुसत आलात. हँडल वळवून आधीच पाहिलं होतं, म्हणून पुन्हा पाहिलं नाही. तुमच्या आवारात तुम्ही केलेल्या कामाला दुसरं कोणी हात लावेल, हे तुमच्या मनात यायचं कारणच नव्हतं. "शेवटची फेरी," म्हणालात आणि बसलात. मी बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण वाटलं, चालवतील आणि म्हणतील, वा, आता बरी झाली.

हापशीला वळसा घालताना हँडल पूर्ण डावीकडे गेलं आणि गाडी ओरडली. चालीच्या वेगातली गाडी एकदम पुढे झेपावली. तुम्ही उजव्या हातावर पडलात.

मी धावलो. आधी इंजिन बंद केलं, गाडी उचलून स्टँडवर लावली. तुमच्याकडे नंतर वळलो. मधल्या दोन क्षणांत मी ॲडजस्टर परत फिरवला. हे मी का केलं, ते आठ वर्षं स्वतःला विचारतोय. भीतीनं केलं, दुसरं काही नाही. बैलानं लाथ मारल्यावर माणूस मागे सरतो, तितक्या झटपट माझी बोटं चालली.

तुम्ही हापशीला टेकून बसला होता, मनगट मांडीवर धरून. चेहरा पांढरा पडला होता, तरी पहिलं वाक्य होतं, "रफिक, केबल पाय."

धावत आलेल्या रफिकभाईनं गाडी चालू केली. हँडल डावीकडे, हँडल उजवीकडे. आवाज बदलला नाही. "केबल बराबर है भाऊ."

 तुम्ही स्वतःच्या हाताकडे असं पाहिलंत, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. "मंग हात चुकला," म्हणालात.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तिथेच, त्या क्षणी.

दर्यापुरात मनगटाला फळी बांधून आपण जीपनं अमरावतीला निघालो. तुम्ही दात आवळून बसला होता. वलगावच्या अलीकडे मला विचारलंत, "तुही लस वाया गेली का रे सगळी?" मी म्हटलं, थोडी वाचली. "चाला, ढोरायचं नशीब," म्हणालात आणि हसलात. हाड बसवून प्लास्टर झालं. बाहेर बाकड्यावर बसल्यावर तुम्ही डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "तू होता म्हणून बरं झालं." मी खाली बघत राहिलो. तुम्हाला वाटलं, मी तुमच्या दुखण्यानं हललोय.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हात बरा झाला. पाने फिरवायचा, जेट काढायचा, सगळं करायचा. पण तुम्ही गाडीवर बसणं सोडलंत. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचात, "काम मी करतो, चालवून दुसरा पाहीन. माहा हात चुकते आता." असं सांगणारा मिस्तरी लोकांनी पाहिला नव्हता. तुमचा मान आणखीच वाढला. तुमच्या प्रामाणिकपणाची जी गोष्ट गावभर सांगितली जायची, ती माझ्या खोटेपणावर उभी होती.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी आलो तो हे ओझं घेऊन. म्हटलं, "भाऊ, मी चालवून दाखवतो." तुम्ही प्लास्टिकची खुर्ची हापशीजवळ ओढून डोळे मिटून बसलात. मी फेरी मारायला लागलो.

"अजून हळू."

आणखी हळू केली.

"अजून हळू. तुले कुठी जाचं हाये?"

असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. पहिले सहा महिने तरी मी शिक्षा भोगायला यावं तसा यायचो. मग एका रविवारी मला यायला जमलं नाही आणि दिवसभर काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. त्या दिवशी कळलं की आता मी ओझ्यासाठी येत नाही. ओझं होतंच. पण तुमच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून, हातात चहाचा कप धरून, दुरून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिला काय झालंय ते ओळखायचं, हे मला आवडायला लागलं होतं. तुम्ही ओळखायचात, मी चुकायचो. मग मी कधीकधी बरोबर यायला लागलो.

ते अंजनगावचे पानमळेवाले काका आठवतात? नवी कोरी गाडी, कार्बोरेटरच नाही, सगळं इंजेक्शन आणि सेन्सर. हळू चालवताना झटके मारते म्हणून तिला दोनदा कॉम्प्युटर लावून झाला होता. रफिकभाई म्हणाला, "अब क्या करोगे भाऊ? इसमें तो खोलने को कुछ हैच नहीं." तुम्ही म्हणालात, "कॉम्प्युटर नाई, माह्याजवळ दोन कान हायेत." मी फेरी मारली, गाडी लोण्यासारखी. तुम्ही काकांना बसवलंत. दोन फेऱ्या ठीक, तिसरीत झटका. मग पुन्हा. तुम्ही डोळे उघडून पाहायला लागलात. मग मला जवळ बोलावून कानात म्हणालात, "पाय, थुंकले की झटका येते." काका तोंडातल्या पानाची पिंक टाकायला उजवीकडे वाकायचे आणि वाकताना मूठ पिळली जायची. तुम्ही उठलात, नमस्कार केलात. "काका, गाडी नीट हाये. थुंकाचं असन त गाडी उभी करत जा." काका आधी रागावले, मग इतके हसले की खरोखर गाडीवरून उतरावं लागलं. पुढल्या आठवड्यात पानांची अख्खी टोपली आली. वहिनी म्हणाल्या, "आता हे घरात कोण खाईन अन् थुंकन?"

मला तुमच्याकडून काय मिळालं ते नीट सांगता येत नाही. गोठ्यात बिथरलेल्या जनावराला हात लावताना मी आता घाई करत नाही. गावांत म्हणतात, डॉक्टरचा हात हलका आहे. आधी नव्हता. तो तुम्ही दिलात. ज्या हातानं तुमचा हात तुमच्यापासून काढून घेतला, त्यालाच तुम्ही शिकवत बसलात. हे आठवलं की मला धड रडताही येत नाही.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दोन वर्षांपूर्वी आपण अकोल्याहून सामान घेऊन येत होतो, तुम्ही माझ्या मागे बसला होता. पूर्णेच्या पुलावर मेंढरांचा कळप आला. मी दुसऱ्या गिअरमध्ये, मागचा ब्रेक जरासा धरून, मूठ न हलवता कळपाच्या मागे मागे गाडी काढली. पलीकडे आल्यावर तुम्ही पाठीवर थाप दिलीत. "डॉक्टर, तुहा हात आता माह्यापेक्षा बरा."

मी गाडी कडेला घेतली. "भाऊ, एक सांगायचं होतं."

"सांग न."

तुमचा चेहरा इतका खूश होता. मी म्हटलं, "पेट्रोल भरून घेऊ का पुढे?"

"अर्धी टाकी हाये. काटा दिसते न मले."

तेवढंच. त्याहून चांगली वेळ परत मिळाली नाही. खरं सांगायचं तर मी ती शोधलीही नाही. तुम्ही मला सोडून द्याल याचं भय होतं. मारलं असतंत, शिव्या दिल्या असत्यात, तर चाललं असतं. पण मग रविवारी कुठे गेलो असतो?

जलदानाच्या दिवशी भन्तेजींचं झाल्यावर लोक तुमच्याबद्दल दोन दोन शब्द बोलले. रफिकभाई उभा राहिला. त्याला बोलायची सवय नाही. म्हणाला, "ये आदमी गिरा, तो मैंने केबल देखी, केबल बराबर थी. दूसरा मिस्तरी होता तो गाडी पे इल्जाम डालता. इसने बोला, मेरा हाथ चूका." आणि तो खाली बसला. सगळे माना हलवत होते. मला बसवेना. मी उभा राहिलो आणि सांगितलं. केबल, ॲडजस्टर, ते दोन क्षण, सगळं. "भाऊंचा हात शेवटपर्यंत चुकला नव्हता," एवढं मोठ्यानं म्हणालो, म्हणजे मागे बसलेल्यांनाही ऐकू जावं.  रफिकभाई माझ्याकडे पाहत राहिला. वहिनी उठून आत गेल्या.

म्हणून आज कुलूप पाहून मी परत फिरणार होतो. तेवढ्यात मागच्या दारातून वहिनी आल्या. मी गाडीवरून उतरलो. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"आठ वर्सं ऑटोनं बजार केला म्या," त्या म्हणाल्या. "आधी थ्यायच्या मागं बसून जावो. पडल्यावर म्हणत, कुसुम, माह्या हाताचा भरोसा नाई, तुले नाई बसवत. हे तुमाले मालूम होतं?"

मला माहीत होतं. मी मान हलवली.

"एक डाव सांगतलं असतं त थे हसले असते, डॉक्टर. तुमाले दोन शिव्या देल्ल्या असत्या अन् लगेच गाडीवर बसले असते."

हे खरं आहे, भाऊ.  मला सोडून द्याल म्हणून मी ज्या गोष्टीला भ्यायलो, ती तुम्ही चहा संपायच्या आत विसरला असता.

"मंग तुमी आयतवारी थ्या चुकीपायी येत होते?"

"पहिले काही महिने, वहिनी."

"अन् मंग?"

"मग यावंसं वाटायचं म्हणून."

 वहिनींनी पदराच्या गाठीतून किल्ली काढली आणि शटर उघडलं. आत तुमची गाडी होती, कापडाखाली. दर रविवारी तुम्ही ती चालू करायचात, कान देऊन ऐकायचात, पुन्हा बंद करायचात. आज मी मारलेल्या एकाच किकमध्ये लागली. पुसायला मी फडकं घेतलं तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या. थैली घेऊन येतो मी. बजारात न्या मले."

त्या थैली आणेपर्यंत मी मूठ पाहिली. तुमच्या हातची मोकळ तिथे होती. दोन मिलिमीटर, फार तर तीन. ॲडजस्टरवर बोट ठेवून पाहिलं आणि काढून घेतलं. वादात तुम्ही बरोबर होता, हे मला तुम्ही पडलात त्या दिवसापासून माहीत होतं. कबूल आज करतो.

वहिनी मागे बसल्या. मी गाडी हलवली. दहा पावलं गेलो असू, मागून आवाज आला, "एवढ्या जोरात नोको. थे यापेक्षा हळू नेत."

मी आणखी हळू केली. रफिकभाईनं चष्मा कपाळावर सरकवला आणि वेल्डिंग थांबवून उभा राहिला. हसला नाही. नुसता हात वर केला.

आवारातून रस्त्याला लागायला हापशीला वळसा घालावा लागतो. तिथे हँडल पूर्ण डावीकडे न्यावं लागतं. मी नेलं. पाय टेकला नाही, आणि आवाज बदलला नाही, भाऊ.